माइक चालू राहिला

पहाटे साडेपाचला, कोंबड्यांच्या जरा आधी,
बान नोंग खाएनच्या खांबावरचा कर्णा खाकरतो.
मग लाम्फायचा आवाज :
चौथ्या गावच्या मंडळींनो, ऐका.
सेंगच्या रेड्याने दावं तोडलंय,
दिसला तर बांधून ठेवा, ओरडू नका, तो लाजाळू आहे.
कुत्र्यांना लस गुरुवारी, विहाराच्या आवारात.
म्हातारी खामप्यांग काल रात्री गेली.
येताना तांदूळ आणा, आणि जमलं तर
स्वतःची चटई.

गावाला नाव आहे, पण दप्तरात ते नुसतं चौथं.
नववं गाव पूर्वी चौथ्यातच होतं.
माणसं वाढली, अम्फोच्या कचेरीतून कुणी पट्टी घेऊन आलं,
रेघ मारली.
रेघ नेमकी फुआंगच्या चिंचेखालून गेली.
चिंचा अजून दोन्हीकडे पडतात.

रेघेवर एक मोरी आहे.
होती.
ती खचली तेव्हा लाम्फायने कामनानला सांगितलं.
कामनानने महिन्याच्या सभेत, खाकी गणवेशात,
पोट आत घेऊन, नाय अम्फोला सांगितलं.
नाय अम्फो भला माणूस, राजधानीने पाठवलेला.
त्याने वहीत लिहून घेतलं, आणि त्याची बदली झाली.
नवा आला, त्यानेही लिहून घेतलं.
याचं अक्षर जास्त सुंदर.
मग उलगडलं की रस्ता तांबोनच्या निवडून आलेल्या मंडळाचा,
खालचं पाणी पाटबंधारे खात्याचं,
आणि मोरी कुणाचीच नाही,
कारण नकाशा काढला त्या दिवशी ती नव्हती.

हे सगळं एका पत्रात आलं.
पत्राच्या माथ्यावर गरुड, पंख पसरलेला.
एवढे पंख,
आणि शाळेची पोरं चपला हातात घेऊन ओढा ओलांडत होती.

शेवटी गावानेच निलगिरीच्या फळ्या टाकल्या.
नवव्या गावाने खिळे दिले.
कुणाच्या परवानगीने, असं लाम्फायला सभेत विचारलं गेलं.
ती म्हणाली, पावसाच्या.
इतिवृत्तात हे नाही.

साठी भरली की पद सोडायचं, असा कायदा आहे.
लाम्फायची साठी मंगळवारी भरली.
निवडणूक अजून व्हायची होती,
थोंगबायच्या मुलाने छायाचित्रासाठी केस कापून घेतले होते.
बुधवारी तिने शेवटची घोषणा केली.
भाषण लिहून आणलं होतं, चष्मा सापडला नाही.
म्हणून नेहमीचंच बोलली :
कुणाची तरी निळी छत्री माझ्या ओट्यावर तीन आठवडे पडून आहे.
फळ्यांवर सावकाश जा, चौथी फळी हलते.
बस्स. एवढंच.

आणि माइक बंद करायला विसरली.

खांबावरून खलबत्त्याचा आवाज यायला लागला.
मिरची, लसूण, मग खारवलेल्या मासळीच्या बरणीचं झाकण.
नवऱ्याला ती म्हणाली, मीठ कमी पडलंय का बघ.
नवरा म्हणाला, ठीक आहे.
ती म्हणाली, तीस वर्षं तू ठीक आहेच म्हणतोस.
सगळ्या गावाने ऐकलं.
चिंचेपलीकडच्या नवव्यानेसुद्धा.
मग बराच वेळ नुसता पंखा,
आणि एकदा, अगदी बारीक, नाक शिंकरल्याचा आवाज.

त्यांच्या भाषेत गावाला बान म्हणतात
आणि घरालाही बान.
लिहिताना यातला फरक कसा दाखवायचा, हे कचेरीला ठाऊक असेल.
त्या सकाळी कुणी उठून सांगायला गेलं नाही.
शेतावर निघालेला सेंग खांबाखाली थांबला,
रेडाही थांबला.

आठच्या सुमारास तिचा मदतनीस दुआंगडी आला,
कळ दाबायला.
आधी दोन घास खा, ती म्हणाली,
हेही कर्ण्यावरून.
तो बसला.
मीठ खरंच कमी होतं,
पण त्याने सांगितलं नाही,
गाव ऐकत होतं.